निकोलस क्लेटन आणि त्याचं गॅल्व्हेस्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो: एक शनिवार नासा, पुढचा शनिवार गॅल्व्हेस्टनचा समुद्र. बेटावर पोचल्यावर बहुतेक गाड्या थेट किनाऱ्याकडे वळतात. जे ब्रॉडवेवरून सरळ पुढे जातात त्यांना एक दगडी, बुरुजांचं, राजवाड्यासारखं घर दिसतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. हे कोणी बांधलं? एवढ्याशा बेटावर एवढा पैसा कुठून आला? असे नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

निकोलस क्लेटन कोण होता?

निकोलस जोसेफ क्लेटन (१८४०–१९१६) हा गॅल्व्हेस्टनचा वास्तुविशारद. टेक्सासात कायमचं बस्तान बसवून केवळ वास्तुरचनेवर पोट भरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. पुष्कळ जण त्याला पहिलाच मानतात. १८७२ मध्ये तो या बेटावर आला आणि मरेपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं, इथेच राहिला. चर्चेस, पेढ्या, गोदामं, शाळा, इस्पितळ, हॉटेल, श्रीमंतांची घरं असं सगळं त्याने बांधलं. न्यूयॉर्क-शिकागोच्या वास्तुकलेच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच येतं. पण त्याच्या इमारती वगळल्या, तर एकोणिसाव्या शतकातलं गॅल्व्हेस्टन ओळखू येणार नाही.

आयर्लंडचा माणूस टेक्सासात कसा पोचला?

जन्म आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला. वडील लवकर गेले आणि आई या लहानग्याला घेऊन अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला आली. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसं देश सोडत होती. यादवी युद्धात क्लेटन उत्तरेच्या आरमारात होता. काम लिखापढीचं आणि भांडारातलं. युद्धानंतर सिनसिनाटीत त्याने संगमरवर कोरण्याचं काम केलं आणि नकाशे काढायला शिकला. मग मेम्फिसच्या ‘जोन्स अँड बाल्डविन’ या फर्ममध्ये लागला. या फर्मला गॅल्व्हेस्टनमधली दोन मोठी कामं मिळाली होती: फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च आणि ट्रेमाँट हॉटेल. त्यांच्यावर देखरेख करायला फर्मने क्लेटनला पाठवलं. कामं संपली तरी तो परत गेला नाही.

त्याने शिक्षण कुठे घेतलं?

पदवी वगैरे काही नाही. अमेरिकेत वास्तुकलेचं विद्यापीठीय शिक्षण सुरू झालं तेच १८६० च्या दशकाच्या अखेरीस, बॉस्टनच्या एमआयटीत. टेक्सासात तर वास्तुविशारदांच्या नोंदणीचा कायदा १९३७ साली आला. तोवर क्लेटनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्या पिढीची मंडळी सुतारकामातून, गवंडीकामातून किंवा एखाद्याच्या कचेरीत नकाशे उतरवता उतरवता तयार झाली. क्लेटन दगड कोरण्यातून आला, आणि ते त्याच्या इमारतींवर शेवटपर्यंत दिसतं. भिंत कोरी सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

गॅल्व्हेस्टनसारख्या छोट्या बेटावर एवढं काम कुठून मिळालं?

आज ते छोटं वाटतं. १८८० च्या जनगणनेत गॅल्व्हेस्टन हे टेक्सासमधलं सर्वांत मोठं शहर होतं: लोकसंख्या २२,२४८. ह्यूस्टन तेव्हा साडेसोळा हजारांचं होतं. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं चांगलं नैसर्गिक बंदर इथेच होतं आणि आतल्या भागातला कापूस इथूनच जहाजांवर चढायचा. कापूस म्हटला की दलाल आले, पेढ्या आल्या, विमा कंपन्या, वकील आणि घाऊक व्यापारी आले. बंदराला समांतर असलेल्या ‘स्ट्रँड’ नावाच्या रस्त्यावर या सगळ्यांची दुकानं-कचेऱ्या होत्या, आणि शेजाऱ्यापेक्षा आपला दर्शनी भाग भारी हवा ही प्रत्येकाची हौस होती.

दुसरं कारण आगीचं. १३ नोव्हेंबर १८८५ ला पहाटे एका लोखंडी ओतकामाच्या कारखान्यापाशी आग लागली आणि उत्तरेच्या वाऱ्याने ती बेटाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरत गेली. चाळीसहून अधिक चौक जळाले. गावातली बहुतेक घरं लाकडी, छपरं लाकडी फळ्यांची. जळलेल्या भागात पुन्हा घरं उठली, तीही झपाट्याने, आणि वास्तुविशारदांना दिवस कमी पडू लागले.

तिसरं कारण त्याच्या धर्माचं. क्लेटन निष्ठावान कॅथलिक होता. रोज प्रार्थनेला जाणारा. टेक्सासमधल्या कॅथलिक संस्थांची चर्चेस, मठ, शाळा यांची कामं त्याच्याकडे येत राहिली. पण एपिस्कोपल आणि प्रेस्बिटेरियन पंथांसाठीही त्याने काम केलं. एवढ्याशा बेटावर पंथ पाहून गिऱ्हाईक निवडणं परवडणारं नव्हतं.

क्लेटनची इमारत ओळखायची कशी?

आधी विटा बघा. स्ट्रँडपासून जवळच, २२व्या रस्त्यावर ‘ट्रूहार्ट-एड्रियन्स’ या जमीनजुमल्याच्या व्यवहारांच्या जुन्या पेढीची इमारत आहे (१८८१–८२). इमारत अरुंद आहे. मोठा प्लॉट नाही, उंची नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर दोन मोठ्या शेजाऱ्यांमधून सहज निसटून जावी, अशी ही जागा. तिथे क्लेटनने दर्शनी भिंतच नक्षीला दिली. वेगवेगळ्या रंगांच्या विटा. काही थर आत, काही बाहेर. कुठे विटा तिरप्या लावून दातेरी पट्टा काढलेला, कुठे चौकटींचं जाळं विणलेलं. खिडक्यांवरच्या कमानींमध्ये रंग आळीपाळीने बदलतात. पैठणीचा काठ जवळून बघावा तशी ही भिंत बघावी लागते. दुपारी ऊन तिरपं झालं की बाहेर काढलेल्या प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि नक्षी दुप्पट उठून दिसते. हे कागदावर काढणं एक, आणि गवंड्याकडून दर थराला सूत लावून करून घेणं दुसरं. क्लेटन रोज साइटवर असल्याशिवाय हे झालं नसतं, असं माझं मत आहे.

दुसरी खूण छपराची रेषा. कळस, धुराडी, छोटे मनोरे, शिखरं यांनी आकाशाची कड मोडलेली असते. सपाट बेटावर, जिथे टेकडी नाही की डोंगर नाही, तिथे हे जास्त लक्षात येतं.

तिसरी खूण हवेची सोय. गॅल्व्हेस्टनचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकट असतो. म्हणून उंच जोतं, मोठ्या खिडक्या, दक्षिणेच्या वाऱ्याकडे तोंड केलेले सज्जे आणि उष्ण हवा वर निघून जाईल असे उंच जिने. शैलीचं नाव विचाराल तर सुरुवातीला व्हिक्टोरियन गॉथिक, मग गोल कमानींची रोमनेस्क, आणि १८९० नंतर थोडं सभ्य झालेलं रेनेसाँस. पण ही नावं सोयीची आहेत. एकाच इमारतीत तिन्ही सापडू शकतात.

‘बिशप्स पॅलेस’ हे बिशपसाठी बांधलं होतं का?

नाही. वॉल्टर ग्रेशम या वकील आणि राजकारणी गृहस्थासाठी ते बांधलं. काम १८८७ च्या सुमाराला सुरू झालं आणि संपायला पाच-सहा वर्षं लागली. खर्च साधारण अडीच लाख डॉलर झाला असं सांगितलं जातं. साधा मजूर तेव्हा दिवसाला एक-दीड डॉलर मिळवायचा, यावरून हिशोब करा. १९२३ मध्ये कॅथलिक धर्मप्रांताने हे घर ४०,५०० डॉलरला घेतलं, कारण समोरच सेक्रेड हार्ट चर्च आहे. बिशप बर्न १९५० पर्यंत तिथे राहिले, तेव्हापासून हे नाव चिकटलं. १९६३ मध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुलं झालं. आता गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे त्याची मालकी आहे.

बाहेरून टेक्सासचाच दगड: चुनखडी, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म. गोल बुरूज, टोकदार छपरं, प्रत्येक कोपऱ्यावर काहीतरी कोरलेलं. खरं सांगायचं तर बाहेरून मला ते थोडं जास्तच वाटतं. तीन घरांचा ऐवज एका घरावर लादल्यासारखा. पण आत गेलं की मत बदलतं. मधोमध आठ कोनी जिना आहे, महोगनीचा, चाळीस फूट उंच उठत गेलेला. वरून रंगीत काचांतून उजेड येतो आणि जिन्याच्या कठड्यांवर रेंगाळतो. आवाज असा वर चढतो की तळमजल्यावरचं बोलणं माडीवर सहज ऐकू यावं. घराला घरपण देणारी जागा हीच. दिवाणखाना, ग्रंथालय, जेवणघर सगळं याच्या भोवतीने उलगडतं.

वरच्या न्हाणीघरातल्या टबाला तीन नळ आहेत: गरम, गार आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा. बेटावर गोड्या पाण्याची वानवा होती. आपल्याकडच्या पाहुण्यांना सगळ्या महालात हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

१९५६ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने देशातल्या शंभर महत्त्वाच्या इमारतींची यादी केली, त्यात हे घर आहे.

‘ओल्ड रेड’ काय आहे?

टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली इमारत. १८८१ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी कौल दिला की मुख्य विद्यापीठ ऑस्टिनला आणि वैद्यकीय शाखा गॅल्व्हेस्टनला. क्लेटनला काम मिळाल्यावर त्याला उत्तर आणि पूर्वेकडची वैद्यकीय महाविद्यालयं बघून यायला पाठवलं गेलं. शवविच्छेदनाच्या खोलीला उजेड कुठून हवा, व्याख्यान देणाऱ्याचा टेबल शेवटच्या रांगेतून दिसतो का, हे सगळं तो पाहून आला. १८९१ च्या शरद ऋतूत तिथे वर्ग सुरू झाले.

लाल विटा, लाल वालुकाश्म आणि ग्रॅनाइटचे आखूड, जाड खांब. गोल कमानींच्या रांगा एकावर एक चढत जातात. आत अर्धवर्तुळात उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं व्याख्यानगृह आहे. मधोमध शव आणि भोवती विद्यार्थी. अलंकार ग्रेशमच्या घराइतके नाहीत, आणि म्हणूनच क्लेटनची सर्वोत्तम इमारत कोणती असं विचारलं तर मी याच इमारतीचं नाव घेतो. इथे त्याला आवरावं लागलं आणि त्याचा फायदाच झाला.

मध्यंतरी ही इमारत मोडकळीला आली होती आणि पाडायची भाषा सुरू झाली होती. माजी विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, पैसा गोळा झाला आणि १९८० च्या दशकात तिची डागडुजी झाली. २००८ च्या आयक वादळात तळमजल्यात पाणी भरलं. इमारत उभी राहिली. शेजारचं जॉन सीली इस्पितळही (१८९०) मुळात क्लेटनचंच होतं. ती इमारत आता नाही.

१९०० च्या वादळात काय झालं?

८ सप्टेंबर १९००, शनिवार. बेटाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट, आणि समुद्र पंधरा फुटांच्या वर चढला. किमान सहा हजार माणसं गेली. आठ हजार हा आकडा जास्त वेळा घेतला जातो. अमेरिकेच्या इतिहासात इतकी माणसं कुठल्याही दुसऱ्या नैसर्गिक आपत्तीत मेलेली नाहीत. गावाची लोकसंख्या तेव्हा ३७,७८९ होती.

लाटांनी किनाऱ्याकडची लाकडी घरं मोडली आणि तोच मलबा पुढच्या घरांवर आपटत गेला. शेवटी त्या मलब्याचाच एक बांध तयार झाला आणि त्याच्या मागचा भाग वाचला. क्लेटनचं काम दोन्ही बाजूंना होतं. त्याचं सेक्रेड हार्ट चर्च (१८९२) कोसळलं. स्ट्रँडवरच्या मूडी इमारतीचा वरचा मजला उडाला. आज ती तीन मजल्यांची दिसते, मूळची चार मजल्यांची. दुसरीकडे ग्रेशम कुटुंबाने घराचे दरवाजे उघडले आणि शेकडो लोक तिथे आसऱ्याला आले. अर्सुलाइन भगिनींच्या शाळेत हजाराच्या आसपास माणसं जमली; त्या रात्री तिथे बाळंतपणंही झाली. ती शाळा क्लेटनने बांधली होती.

सेंट मेरी कॅथेड्रल मात्र तगलं. ते १८४० च्या दशकातलं आहे. मधला मनोरा क्लेटनने १८७० च्या दशकात चढवला आणि त्यावर ‘समुद्रतारा’ मेरीची मूर्ती बसवली. ती मूर्ती उभी आहे तोवर गाव बुडणार नाही, असं जुनी माणसं म्हणायची. वादळानंतर हा समज आणखी पक्का झाला.

पुढे बेट उंच केलं ते कसं?

थोडक्यात: आधी समुद्राच्या कडेने १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत, मग भिंतीमागचं अख्खं गाव जॅकवर उचलून खाली वाळूचा गाळ भरायचा. १९०३ ते १९११ दरम्यान सुमारे दोन हजार इमारती उचलल्या गेल्या. सेंट पॅट्रिक चर्च (मूळचं क्लेटनचं, वादळानंतर पुन्हा उभारलेलं) तीन हजार टन वजनाचं होतं. त्याच्याखाली सातशे स्क्रू-जॅक लावले आणि सगळे एका वेळी थोडेथोडे फिरवत पाच फूट वर घेतलं. ज्या मोठ्या इमारती उचलता येण्यासारख्या नव्हत्या, त्यांच्याभोवती भर टाकली आणि त्यांचं जोतं जमिनीत गेलं. म्हणून काही जुन्या इमारती आज बुटक्या वाटतात. क्लेटनने दिलेलं प्रमाण पाहायचं असेल तर जुने फोटो बघावे लागतात.

त्याचं दिवाळं कसं निघालं?

वादळाने नव्हे, ती एक लोकप्रिय पण चुकीची समजूत आहे. मूळ प्रकरण त्याआधीचं, १८९७–९८ चं. गॅल्व्हेस्टन काउंटीच्या नव्या न्यायालयाच्या इमारतीवरून वाद झाला, प्रकरण जामीनकीच्या रकमेवरून कोर्टात गेलं, रखडलं, आणि १९०३ मध्ये क्लेटनला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. इतकी कामं करणाऱ्या माणसाकडे शिल्लक फारशी नव्हती. पन्नाशीत, १८९१ मध्ये, त्याने लग्न केलं होतं. मेरी लॉरेना ड्युसी ही त्याची बायको. पाच मुलं झाली. म्हणजे ऐन संसाराच्या वेळी हातातलं गेलं.

वादळाने केलं ते वेगळं. ज्या व्यापाऱ्यांच्या जोरावर त्याचा धंदा चालायचा ते सावध झाले किंवा बेट सोडून गेले. मोठी कामं थांबली. १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजांचा कालवा सुरू झाला, जहाजं बेट ओलांडून थेट आत जायला लागली, आणि गॅल्व्हेस्टन बंदराची पहिल्या क्रमांकाची जागा पुढे हळूहळू गेली. क्लेटनच्या वाट्याला दुरुस्त्या, लहान चर्चेस, जोडकामं उरली. बिशप्स पॅलेससमोरचं, वादळानंतर पुन्हा बांधलेलं सेक्रेड हार्ट चर्च दुसऱ्याचं, एका जेझुइट धर्मबंधूचं. त्याचा आजचा घुमट मात्र क्लेटनच्या आराखड्यावरून झाला आहे.

तो गेला कसा?

डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. स्वतःच्या घराच्या धुराड्याला गेलेली चीर दुरुस्त करताना मेणबत्तीच्या ज्योतीमुळे त्याच्या अंगातल्या कपड्याने पेट घेतला. भाजल्यावर न्यूमोनिया झाला आणि त्यातून तो उठला नाही. थडग्यावर चांगला दगड बसवायला पैसे नाहीत, अशी चिंता त्याच्या बायकोने बोलून दाखवली, तेव्हा गावचे यहुदी धर्मगुरू रब्बी हेन्री कोहेन म्हणाले की स्मारक कशाला हवं, गावभर त्याचीच स्मारकं आहेत, फिरून कोनशिला वाचा. हा किस्सा गॅल्व्हेस्टनमध्ये प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. सांगणाऱ्यागणिक शब्द बदलतात. मला त्यातली बायकोची काळजी जास्त खरी वाटते. कोनशिलांनी घर चालत नाही.

त्याच्या कोणत्या महत्त्वाच्या इमारती आता नाहीत?

सर्वांत हळहळ वाटते ती बीच हॉटेलची (१८८३). समुद्राच्या अगदी कडेला, खांबांवर उभं केलेलं चार मजली लाकडी हॉटेल. वर मधोमध लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा अष्टकोनी घुमट, चहूकडे व्हरांडे. १८९८ मध्ये ते जळालं. त्याआधी १८८१ चा पॅव्हिलियन होता, ट्राम कंपनीने लोकांना किनाऱ्यावर ओढण्यासाठी बांधलेला. टेक्सासमध्ये विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते तिथेच असं मानतात. तो दोन वर्षांत जळाला. अर्सुलाइन भगिनींची शाळा वादळातून वाचली, पण १९६१ च्या कार्ला वादळात तिचं नुकसान झालं आणि मग ती पाडली. दुरुस्त करता आली असती, असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच.

मग बाकीच्या टिकल्या कशा?

गरिबीने टिकल्या. हे ऐकायला विचित्र वाटतं. ह्यूस्टनकडे पैसा होता, म्हणून तिथे दर पिढीला जुनं पाडून नवं उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकातलं ह्यूस्टन आज शोधूनही फारसं सापडत नाही. गॅल्व्हेस्टनच्या स्ट्रँडवर पाडून नवं बांधण्याइतका धंदाच उरला नाही. पेढ्यांची गोदामं झाली, गोदामं रिकामी पडली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, पण भिंती राहिल्या. १९६० च्या दशकात इमारतींची शास्त्रशुद्ध मोजमापं आणि छायाचित्रं घेतली गेली. १९६९ मध्ये ज्युनियर लीग या महिलांच्या संस्थेने ट्रूहार्ट-एड्रियन्सची इमारत घेऊन दुरुस्त केली. पुढे १९७३ पासून हिस्टॉरिकल फाउंडेशनने फिरता निधी उभारला: मोडकळीला आलेली इमारत विकत घ्यायची, बाहेरचं रूप बदलणार नाही अशी अट घालून विकायची, आलेल्या पैशातून पुढची घ्यायची. १९७६ मध्ये स्ट्रँडला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे वाडे कसे जातात हे पाहिलेल्या माणसाला या फिरत्या निधीची गोष्ट जरूर सांगावी. त्यात सरकारी अनुदानापेक्षा हिशोब जास्त आहे.

गावात जुनं दिसेल ते सगळं क्लेटनचंच ना?

नाही, पण तसं सांगितलं जातं. मूडी मॅन्शन विल्यम टिंडलचं. अॅश्टन व्हिला १८५९ ची, म्हणजे क्लेटन येण्याच्या तेरा वर्षं आधीची. ग्रँड ऑपेरा हाऊस (१८९४) न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक कॉक्सचं. जॉर्ज सीलीचं ‘ओपन गेट्स’ हे घर न्यूयॉर्कच्या मॅकिम, मीड अँड व्हाइट या बड्या फर्मचं. क्लेटनने त्याच्या बांधकामावर देखरेख केली आणि मागची घोडागाड्यांची पागा स्वतः रचली. पाहुण्यांना मी मुद्दाम ती पागा दाखवतो. अल्फ्रेड म्युलर हा त्याचा गावातला प्रतिस्पर्धीही चांगलाच होता; त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, हा क्लेटनच्या कीर्तीचा एक तोटा.

मुंबईच्या जुन्या इमारतींशी याचं नातं आहे का?

थेट नाही. क्लेटन भारतात आला नव्हता आणि त्याचा कोणी शिष्यही नाही. पण पैशाचं एक नातं आहे. अमेरिकन यादवीत (१८६१–६५) उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची कोंडी केली, त्यात गॅल्व्हेस्टनही होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, भाव कडाडले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो फुगा फुटला. त्या कापसातून वर आलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहिला. युद्धानंतर कापूस पुन्हा टेक्सासातून निघू लागला आणि त्यातून स्ट्रँड उभा राहिला. दोन्हीकडे फॅशन तीच होती: टोकदार कमानी, रंगीत दगड, कोरीव काम.

फरक एवढाच की राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. लंडनहून नकाशे पाठवले. क्लेटन आपल्या प्रत्येक इमारतीसमोरून रोज चालत जायचा.

त्याला थोर वास्तुविशारद म्हणावं का?

त्याच काळात बॉस्टनचा रिचर्डसन आणि शिकागोचा सलिव्हन इमारतीचा विचारच बदलत होते. क्लेटनने तसं काही बदललं नाही. बाहेरच्या नव्या कल्पना मासिकांतून आणि प्रवासातून त्याच्यापर्यंत पोचायच्या, आणि त्या तो वाळूच्या बेटावर, तिथल्या विटांत आणि तिथल्या उकाड्यात बसवायचा. भिंतीच्या पोताचं त्याला जे भान होतं ते मोठमोठ्यांना नव्हतं. हचिंग्ज-सीली इमारत (१८९५–९७) बघा: खाली ग्रॅनाइट, मग लाल वालुकाश्म, वर फिकट पिवळसर विटा, आणि दगडाकडून विटेकडे जाताना कुठेही धक्का बसत नाही. थोर म्हणा न म्हणा. पण असा माणूस मिळणं हे गावाचं नशीब.

एका दिवसात काय बघता येईल?

सकाळी बिशप्स पॅलेस, तिकीट काढून, आतून. तास-दीड तास लागतो. समोरचं सेक्रेड हार्ट. मग ओल्ड रेड, तेही मुख्यतः बाहेरून. इस्पितळाचा परिसर असल्याने गाडी लावायला त्रास होतो. दुपारी जेवून स्ट्रँड: मूडी, हचिंग्ज-सीली आणि २२व्या रस्त्यावरची ट्रूहार्ट-एड्रियन्स. शेवटी सेंट मेरी कॅथेड्रल. जून ते सप्टेंबर टाळा. ऊन आणि दमट हवा आईवडिलांना झेपत नाही, शिवाय वादळांचा मोसम. नोव्हेंबर ते मार्च उत्तम.

गॅल्व्हेस्टनबाहेर त्याचं काही आहे?

आहे, आणि ऑस्टिन-डल्लासच्या मंडळींना ते सोयीचं पडेल. ऑस्टिनला सेंट मेरी कॅथेड्रल आणि सेंट एडवर्ड विद्यापीठाची मुख्य इमारत. ही दुसरी टेकडीवर आहे, पांढऱ्या चुनखडीची. १९०३ मध्ये जळाली आणि त्याच वर्षी क्लेटननेच ती पुन्हा बांधून दिली. दिवाळखोरीचं वर्षही तेच.

डल्लासचं ग्वादालूप कॅथेड्रल १९०२ मध्ये पूजेसाठी खुलं झालं, पण पैसे संपल्याने मनोरे अर्धवट राहिले. शंभर वर्षं तसेच होते. २००५ मध्ये क्लेटनच्या मूळ आराखड्याच्या आधाराने ते पूर्ण केले आणि मोठ्या मनोऱ्यात ४९ घंटांचा संच बसवला. रविवारी सकाळी गेलात तर गर्दी प्रचंड असते. मुख्यतः स्पॅनिश बोलणारी कुटुंबं. निवांत बघायचं असेल तर आठवड्यातल्या दिवशी जा.